खिचडीचे पातेले आणि विज्ञानाचे पुस्तक

प्रति,
मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

राज्यात नव्या अभ्यासक्रमानुसार पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. २०२५-२६ मध्ये इयत्ता पहिलीपासून त्याची सुरुवात झाली असून पुढील काही वर्षांत वरच्या इयत्तांची पुस्तकेही नवी होतील. त्या निमित्ताने शाळेतील आहारशिक्षणाविषयी काही अनुभव आणि त्यांतून बनलेले मत आपल्या वाचकांपुढे, आणि जमल्यास पुस्तके तयार करणाऱ्या तज्ज्ञांपुढे, ठेवावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. सोलापूर जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत मी एकतीस वर्षे विज्ञान आणि गणित शिकवले. निवृत्तीनंतर आता मंगळवेढा तालुक्यातील आमच्या गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत शिक्षणतज्ज्ञ सदस्य म्हणून बसते. (‘तज्ज्ञ’ हा शब्द शासनाचा आहे, माझा नव्हे.)

माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्या शाळांत आहाराचा धडा आणि आहाराचा घास हे दोन्ही आहेत, पण त्यांची एकमेकांशी ओळख नाही. वर्गात मुले ‘संतुलित आहार म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करतात, प्रथिने शरीराची झीज भरून काढतात हे दोन गुणांसाठी लिहितात, आणि त्याच वेळी वर्गाच्या भिंतीपलीकडे त्यांच्यासाठी तांदूळ, डाळ आणि भाजी शिजत असते. मोठ्या सुट्टीत ती ताटे घेऊन रांगेत बसतात, श्लोक म्हणतात, जेवतात आणि पुन्हा वर्गात येऊन सूक्ष्मजीव किंवा घर्षण शिकतात. आत्ता खाल्लेल्या ताटात काय होते, किती होते आणि काय नव्हते, हे त्यांना कोणी विचारत नाही. मीदेखील नोकरीची पहिली वीस-बावीस वर्षे ते विचारले नव्हते, हे प्रांजळपणे सांगते.

ज्या योजनेमुळे हे जेवण शाळेत आले तिचा इतिहास फार जुना नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने ती सुरू केली, तेव्हा मुलांना शिजवलेले अन्न मिळत नव्हते. महिनाभराच्या हजेरीच्या हिशेबाने तीन किलो तांदूळ घरी मिळत असे आणि पिशव्या घेऊन आलेल्या पालकांची शाळेच्या व्हरांड्यात गर्दी होत असे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शाळेतच शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, त्यानंतर राज्यात खिचडीचे पातेले चुलीवर चढले. आज ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ या नावाने चालणाऱ्या या योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण ठरले आहे. त्यासाठी लहान मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, तर मोठ्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल धरलेले असते. हे आकडे बहुतेक शाळांच्या स्वयंपाकघराबाहेर भिंतीवर रंगवलेले आहेत. मुले ते रोज पाहतात, परंतु वाचत नाहीत.

निवृत्तीच्या काही वर्षे आधी एकदा सातवीच्या वर्गाला गुणोत्तर-प्रमाण शिकवताना पुस्तकातले रंगारी आणि मजूर मला स्वतःलाच कंटाळवाणे वाटले, म्हणून मी मुलांना भिंतीवरचा तो तक्ता उतरवून आणायला सांगितले. त्या दिवशी सहावी ते आठवीची मिळून ८४ मुले हजर होती. मुलांनी हिशेब केला: धान्य १२ किलो ६०० ग्रॅम, डाळ अडीच किलोहून किंचित जास्त आणि भाजी ६ किलो ३०० ग्रॅम. मग दोन मुलींना तराजू घेऊन स्वयंपाकघरात पाठवले. तांदूळ आणि डाळ बरोबर होती. भाजी मात्र अडीच किलोच्या आसपास भरली, म्हणजे एका मुलाच्या वाट्याला जेमतेम तीस ग्रॅम. वर्गात शांतता पसरली. एका मुलाने विचारले, “बाई, मग आपल्या वाटची भाजी कुणी खाल्ली?”

या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे नव्हते आणि ते टाळणेही योग्य नव्हते. भाजी कोणी खाल्ली नव्हती, ती आणलीच गेली नव्हती. भाजी आणि इंधनासाठीची रक्कम शाळेच्या खात्यावर कधी दोन, कधी तीन महिने उशिरा येत असे आणि तोपर्यंत मुख्याध्यापक भाजीवाल्याकडे उधारी ठेवत. उधारीचा आकडा वाढला की भाजीचे वजन उतरत असे. मुख्याध्यापक प्रामाणिक गृहस्थ होते, त्यांनी स्वतः वर्गात येऊन मुलांना हे समजावून सांगितले, आणि मला वाटते की त्या दिवशी मुलांनी गणितापेक्षा अधिक काही शिकून घेतले. पुढच्या सोमवारी चार-पाच मुले घरून शेवग्याच्या पाल्याच्या जुड्या घेऊन आली. आमच्या भागात बांधावर आणि परसात शेवगा मुबलक असतो. शेंगा बाजारात जातात आणि पाला शेळ्या खातात. त्या पाल्यात जीवनसत्त्व ‘अ’ शरीराला पुरवणारे घटक, लोह आणि कॅल्शियम भरपूर असते, हे पुस्तकात होते. शेळ्यांआधी आपण तो खावा, हे मात्र तराजूने शिकवले. पुढे २०२४ मध्ये राज्य शासनाने ठरवलेल्या पाककृतींच्या यादीत ‘मूग-शेवगा वरणभात’ हे नाव वाचले तेव्हा मला त्या मुलांची आठवण झाली.

त्याच वर्षी मी विज्ञानाच्या तासाला वरणभातावर एक पूर्ण तास घेतला. तांदळातील प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, डाळीत ते भरपूर असते. डाळीत गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी पडतात, ती तांदूळ पुरवतो. म्हणजे दोन अपुरे पदार्थ एका ताटात आले की एकमेकांचे उणे भरून काढतात. हे सांगताना मुलांच्या चेहऱ्यावर जे कुतूहल दिसले ते पुस्तकातील आहाराच्या चित्रावर बोट ठेवून कधीच दिसले नव्हते, कारण त्या चित्रातले सफरचंद, लोणी आणि दुधाचा पेला त्यांच्या घरी रोज नसतात, पण वरणभात असतो. डाळीतले लोह शरीराने नीट शोषून घ्यावे म्हणून वरून लिंबू पिळावे, कडधान्याला मोड आणल्याने त्यातील लोह अडवून धरणारे फायटेट कमी होते, जेवणाबरोबर चहा घेतला तर चहातील टॅनिन तेच लोह वाया घालवते, ही सगळी माहिती सातवीच्या मुलाला समजण्यासारखी आहे आणि त्याच दिवशी घरी जाऊन आईला सांगण्यासारखीही आहे. आमच्या आज्या मटकीला मोड आणत आणि उसळीवर लिंबू पिळत, त्यांना फायटेट हा शब्द ठाऊक नव्हता. नव्या पुस्तकांनी त्या रीतीचे कारण सांगितले, तर मुले ती टिकवतील.

या ताटात काय नाही, हाही अभ्यासाचाच विषय आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने आठवड्यातून एकदा अंडे, आणि जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे किंवा स्थानिक फळ देण्याचा निर्णय घेतला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबला आणि अंडा पुलाव, खीर किंवा नाचणीचे सत्त्व द्यायचे असल्यास लोकसहभागातून द्यावे, असे शाळांना सांगण्यात आले. लोकसहभाग हा शब्द कानाला गोड लागतो, परंतु ज्या गावांत मुलांना अंड्याची सर्वाधिक गरज आहे त्याच गावांत वर्गणी देणारे हात सर्वांत कमी असतात. १ मे २०२५ पासून प्राथमिकच्या एका मुलामागे डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन या सगळ्यांसाठी ६ रुपये ७८ पैसे, तर उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे धरलेले आहेत. बाजारात एका अंड्याला जवळपास प्राथमिकच्या या पूर्ण रकमेइतके पैसे पडतात. आहे त्या पैशांत मुख्याध्यापकांनी अंडे बसवावे, अशी अपेक्षा करणे म्हणजे गणिताशीच वैर घेणे होय. आमच्या तालुक्याची हद्द संपते तिथे कर्नाटकातील विजयपूर जिल्हा सुरू होतो आणि तिकडच्या सरकारी शाळांत आठवड्यातील सहाही दिवस अंडे मिळते, एका खासगी प्रतिष्ठानाच्या मदतीने का होईना. तामिळनाडूत शाळेच्या पाचही दिवशी अंडे असते आणि सप्टेंबर २०२२ पासून तेथे सकाळची न्याहारीही सुरू झाली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये न्याहारीची शिफारस आहेच. सकाळी नुसता चहा आणि खारी किंवा बिस्किटे खाऊन आलेले मूल पहिल्या दोन तासांत काय शिकते, हे कोणत्याही शिक्षिकेला विचारावे.

अंड्याला विरोध करणाऱ्या पालकांचा अनादर करण्याचे कारण नाही, आमच्या गावातही माळकरी घरे आहेत. परंतु ‘अंड्याऐवजी केळे’ असे म्हणताना दोन्हींची किंमत सारखी असली तरी पोषण सारखे नाही, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने आणि जीवनसत्त्व ‘बी-१२’ असते, तर केळ्यात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम असतात. माळकरी घरातल्या मुलाला मूठभर, म्हणजे पंचवीस ग्रॅम शेंगदाणे आणि पेलाभर दूध किंवा ताक दिले तर ते केळ्यापेक्षा कितीतरी जवळचे उत्तर ठरेल. शेंगदाणा सोलापूर जिल्ह्याला परका नाही.

परका झाला आहे तो आमच्याच मातीतला एक पदार्थ. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हांला अभिमान आहे, आणि त्याच मंगळवेढ्यातील मूल वर्षानुवर्षे शाळेत फक्त तांदूळ खात आहे, कारण योजनेचे धान्य अन्न महामंडळाच्या गोदामातून येते. दोनशे मुलांच्या भाकऱ्या थापणे दोन बायकांना शक्य नाही, हे मला कबूल आहे. पण ज्वारी म्हणजे केवळ भाकरी नव्हे. जुन्या काळी, विशेषतः दुष्काळाच्या वर्षांत, घरोघरी ज्वारीच्या कण्या शिजत. ज्वारी भरडून, भातासारखी पातेल्यात शिजवून, वर ताक किंवा आमटी घेऊन त्या खातात. त्यांना खिचडीइतकेच कष्ट लागतात. पांढऱ्या तांदळात शंभर ग्रॅममागे तीन ग्रॅमहून कमी तंतुमय भाग असतो, ज्वारीत तो सुमारे दहा ग्रॅम असतो. लोहही तांदळाच्या कितीतरी पट आहे. हैदराबादच्या भरडधान्य संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने कर्नाटकातील शाळकरी मुलांना काही महिने भरडधान्याचे दुपारचे जेवण देऊन पाहिले, तेव्हा मुलांनी ते आवडीने खाल्ले आणि त्यांची वाढही अधिक चांगली दिसली, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. राज्यात भरडधान्याची किमान आधारभूत किमतीने खरेदी होते. त्यातील ज्वारी आठवड्यातून दोन दिवस त्याच जिल्ह्यातील शाळांकडे वळवली, तर शेतकऱ्याचेही भले होईल. कण्या हे गरिबीचे खाणे आहे, असे म्हणून नाक मुरडणारे पालक निघतील. त्यांच्यासाठीच आहारशिक्षण हवे.

शिक्षणाशिवाय चांगली योजनादेखील कशी फसते, याचे एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर घडले. काही वर्षांपूर्वी शाळांना पोषणमूल्यवर्धित तांदूळ येऊ लागला. या तांदळात साधारण शंभर दाण्यांमागे एक दाणा तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून यंत्राने बनवलेला असतो. तो रंगाने किंचित वेगळा दिसतो आणि धुताना कधी पाण्यावर तरंगतो. गावात ‘प्लास्टिकचा तांदूळ आला’ अशी आवई उठली. एक आई पदराच्या गाठीत ते दाणे बांधून समितीच्या बैठकीला घेऊन आली आणि तिने ते टेबलावर ठेवले. चौकशी केली तेव्हा कळले, की आमच्या स्वयंपाकीण मावशी गेले तीन आठवडे रोज सकाळी तासभर बसून हे दाणे निवडून फेकत होत्या. मुलांच्या पोटात प्लास्टिक जाऊ नये म्हणून त्या हे काम मनापासून करत होत्या. म्हणजे शासनाने पैसे खर्चून जे लोह पाठवले, ते आमच्या सर्वांत कष्टाळू बाईने उकिरड्यावर टाकले, कारण गोणी उतरवून घेताना तिला कोणी दोन वाक्ये सांगितली नव्हती. समितीच्या बैठकीतच एका मुलाने ते दाणे कुस्करून, पाण्यात उकळून मऊ करून दाखवले, तेव्हा वाद मिटला.

स्वयंपाकीण आणि मदतनीस यांना आपण मजूर समजतो, ही या योजनेतील मोठी चूक आहे. केंद्राने त्यांचे मानधन २००९ मध्ये दरमहा १००० रुपये ठरवले, ते तेथेच थांबले आहे. राज्याने स्वतःची भर घालून ते २५०० रुपयांपर्यंत आणले, तेही वर्षातून दहा महिने. गावातील दोनशे मुलांच्या तोंडात रोज काय जाते, हे या बाईच्या हातात असते. मीठ किती टाकायचे, भाजी कधी टाकायची म्हणजे तिचे सत्त्व उडणार नाही, डाळ भिजवायची की नाही, हे निर्णय तीच घेते. आहाराचे प्रशिक्षण मात्र शिक्षकांना मिळते आणि तिच्या वाट्याला स्वच्छतेच्या सूचनांचा कागद येतो, जो तिला कधीकधी वाचता येत नाही. माझी सूचना अशी, की दर महिन्याला एक तास मावशींनी वर्गात यावे, आपण आज काय आणि कसे शिजवले ते मुलांना सांगावे, आणि त्या तासाचे मानधन त्यांना वेगळे मिळावे. आमच्या शाळेत हा प्रयोग मानधनाशिवाय दोनदा झाला. पहिल्या वेळी मावशी लाजून दाराशीच उभ्या राहिल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी मुलांना अंबाडी, तांदुळजा, घोळ, पाथरी आणि चाकवत या पाच भाज्या ओळखायला लावल्या, आणि त्यांतल्या दोन मला स्वतःला ओळखता आल्या नाहीत.

या सगळ्यात एक गट पूर्णपणे बाहेर राहतो, आणि त्याविषयी मला सर्वाधिक काळजी वाटते. ही योजना आठवीपर्यंतच आहे. नववीत गेलेल्या मुलीचे शाळेतील जेवण नेमके त्या वयात बंद होते, ज्या वयात पाळीमुळे तिची लोहाची गरज वाढलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते १९ वयोगटातील ५७.२ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, आणि चौथ्या फेरीपेक्षा हे प्रमाण वाढलेले आहे. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी दिली जाते. ती रिकाम्या पोटी घेतली की मळमळते, मग मुली ती दप्तरात ठेवतात आणि घरी जाताना टाकून देतात. डबा खाल्ल्यावर गोळी द्यावी, त्यानंतर तासभर चहा घेऊ नये आणि शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नये, एवढे बोलायला शिक्षिकेला पाच मिनिटे लागतात. पण ‘बाई, यामुळे पुढे मूल होत नाही म्हणे’ या कुजबुजीला उत्तर द्यायला पाच मिनिटे पुरत नाहीत, त्यासाठी वर्षभराचा विश्वास लागतो. नववी-दहावीच्या पुस्तकांत लोहाचे रासायनिक गुणधर्म आहेत, गंजण्याची अभिक्रिया आहे. मुलीच्या स्वतःच्या रक्तातील लोहाविषयी त्याच पानावर एक परिच्छेद यावा, ही मागणी मोठी नाही. नववी-दहावीपर्यंत जेवण वाढवणे ही मागणी मोठी आहे, आणि तीही मी येथे करते.

कुपोषणाची दुसरी बाजूही आता खेड्यात पोहोचली आहे. केंद्राच्या २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील पाच ते नऊ वयोगटातील सुमारे एक चतुर्थांश मुले वयाच्या मानाने बारीक आढळली आणि त्याच सर्वेक्षणात दर दहा शालेय मुलांमागे एक मूल मधुमेहपूर्व अवस्थेत होते. राज्य शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून वेफर्स, नूडल्स, शीतपेये यांसारखे पदार्थ हद्दपार करण्याचा आदेश काढला. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेल्या पदार्थांची विक्री शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत मना केली. तंबाखूसाठी १०० यार्डांची मर्यादा आहे आणि तिचा फलक बहुतेक शाळांच्या भिंतीवर दिसतो. या ५० मीटरांचा फलक मी आजवर एकाही शाळेवर पाहिलेला नाही. आमच्या शाळेसमोरच्या टपरीवर पाच रुपयांच्या रंगीत पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात. टपरीवाला गरीब आहे, त्याच्यावर पोलीस पाठवावे असे मी म्हणणार नाही. त्याच्याकडे पूर्वी बोरे, आवळे, चिंचा, फुटाणे आणि गूळ-शेंगदाण्याची चिक्की असे. ती परत यावीत, यासाठी समितीने त्याच्याशी बोलणे सुरू केले आहे. तो म्हणतो, मुले मागतील ते मी ठेवतो. त्याचे म्हणणे खोटे नाही.

म्हणून गेल्या वर्षी ‘आनंददायी शनिवार’ या उपक्रमात आम्ही मुलांना मैदानावर पडलेली पाकिटे गोळा करून त्यांच्या पाठीमागचा बारीक मजकूर भिंगातून वाचायला लावला. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे पहिले नाव सर्वांत जास्त, हा एकच नियम कळल्यावर मुलांनी उरलेले स्वतः शोधले. एका ‘फळांच्या’ पेयात पाणी आणि साखर यांच्यानंतर फळाचे नाव आले, तेव्हा मोठा गलका झाला. थंड पेयात शंभर मिलिलिटरमागे दहा-अकरा ग्रॅम साखर, म्हणून अडीचशेच्या बाटलीत पाच-सहा चमचे, हे मुलांनी साखर प्रत्यक्ष मोजून वाटीत ओतून पाहिले. त्यानंतर सगळ्यांनी पाकिटे सोडली असे नाही. काहींनी सोडली, काही आता पाठीमागचे वाचून मग खातात.

शहरांतील खासगी शाळांविषयी फार लिहीत नाही, कारण माझा अनुभव तेथला नाही. मात्र मुंबई-पुण्यात राहणाऱ्या माझ्या भाच्या सांगतात, की तेथे डब्यात कोणत्या वारी काय आणावे याचे छापील वेळापत्रक येते आणि ते पाळले नाही तर आईला चिठ्ठी जाते. हेतू चांगला असेल, पण आहारशिक्षण म्हणजे डब्याची झडती नव्हे. भाकरी आणि चटणी घेऊन आलेल्या मुलाला सगळ्यांसमोर ‘भाजी का नाही?’ असे विचारणे हा आहाराचा धडा नाही, तो अपमान आहे, आणि त्यानंतर ते मूल डबा झाकूनच खाते. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटे वाटायला लावून दुसऱ्या दिवशी दातांवर धडा घेणाऱ्या शिक्षकांत मीही एके काळी होते, तेव्हा हे लिहिताना मी कोणापेक्षा वर उभी नाही.

नवी पुस्तके लिहिणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे, की आहाराच्या धड्यातील स्वाध्यायात ‘व्याख्या लिहा’ याऐवजी ‘आज तुमच्या शाळेतील जेवणात काय होते ते वजनासह लिहा आणि भिंतीवरील तक्त्याशी ताडून पाहा’ असा प्रश्न यावा. ज्या दिवशी राज्यातील प्रत्येक सातवीच्या वर्गात हा प्रश्न विचारला जाईल, त्या दिवशी भाजीची रक्कम वेळेवर पाठवण्याचा तगादा लावणारे लाखो लेखापाल तयार झालेले असतील, आणि त्यासाठी वेगळ्या दक्षता समितीची गरज उरणार नाही. शासनाला विनंती, की अंड्याचा आणि त्याला पर्यायी सकस पदार्थाचा निधी पूर्ववत करावा. पालकांनीही आपल्या गावच्या शाळेत जाऊन चव नोंदवही पाहावी. जेवण वाटण्यापूर्वी ते चाखून नोंद करायची असते, आणि महिन्यातून एकदा ती नोंद पालकाने करायला काहीच हरकत नाही.

आमच्या शाळेच्या परसबागेसाठी यंदा समितीने दोन गुंठे जागा मोकळी करून दिली आहे. त्यात पहिली भाजी कोणती लावायची यावर बैठकीत एकमत झाले नाही. सरपंचांना करडई हवी आहे, कारण ती त्यांना आवडते. स्वयंपाकीण मावशींचे मत तांदुळजाच्या बाजूने आहे, कारण करडई थंडीत येते आणि मुले जूनपासून जेवतात. पुढील बैठक शनिवारी आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
मंगळवेढा तालुका, जि. सोलापूर